पाण्याचा हक्क आणि सातबारा

महाराष्ट्रातील पाणीटंचाईची चर्चा पर्जन्यमानापासून सुरू होते आणि बहुधा धरणातील साठ्याच्या टक्केवारीपाशी संपते. असलेले पाणी कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न तीत क्वचितच निघतो. गेल्या शंभर वर्षांतील पाण्याचे लढे मात्र फिरून फिरून याच प्रश्नापाशी आलेले दिसतात.

सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले असावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला आणि महाड नगरपालिकेने तो स्वीकारलाही. पण २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनुयायांसह चवदार तळ्यावर जाऊन पाणी प्यायले, तेव्हा सनातन्यांनी हल्ले केले, पुढे तळ्याचे 'शुद्धीकरण' केले आणि नगरपालिकेनेही त्याच वर्षी आपला ठराव मागे घेतला. त्यानंतर अस्पृश्यांना तळ्यापासून रोखण्यासाठी सवर्णांनी केलेल्या दाव्यात रूढीइतकाच भर मालकीवर दिला होता, हे फारसे सांगितले जात नाही. तळे सार्वजनिक नसून खासगी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तो दावा अखेर उच्च न्यायालयातही १९३७ मध्ये फेटाळला गेला. सार्वजनिक पाण्यावरील हक्क त्यामुळे मान्य झाला, पण खासगी जमिनीतील पाण्याचा प्रश्न तसाच राहिला. ज्याची जमीन त्याचे तिच्या पोटातील पाणी, हे तत्त्व १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने आधीच पक्के केले होते. कालव्याचे पाणीही अखेर ज्याला शेत त्यालाच मिळते. दुष्काळापासून संरक्षण म्हणून १८८५ मध्ये सुरू झालेला निरा डावा कालवा कालांतराने उसाचा कालवा झाला, तो याच न्यायाने.

या कालव्याच्या वरच्या अंगाला, पर्जन्यछायेतील पुरंदर तालुक्यात १९७२ च्या दुष्काळानंतर वेगळा प्रयोग झाला. पुण्यातील अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी नायगावात देवस्थानची सुमारे चाळीस एकर पडीक जमीन कराराने घेऊन पाणी अडवले आणि त्यातून पाणी पंचायत आकाराला आली. तिचे नियम आजही धाडसी वाटतात. पाणी जमिनीच्या क्षेत्रावर नव्हे, तर घरातील माणसांच्या संख्येवर द्यायचे; माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. ऊस लावायचा नाही. भूमिहीनालाही हिस्सा आहे. तो त्याने दुसऱ्याच्या शेतावर वापरावा. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी स्वतः उभा करायचा, आणि पाळीचे पाणी सोडणारा पाटकरीही त्यांनीच नेमायचा. वीस एकरांच्या धन्याला आणि चार एकरांच्या शेजाऱ्याला, घरात माणसे तेवढीच असतील तर, पाणी सारखेच मिळते. सातबाऱ्यावरचा आकडा या हिशेबात येतच नाही.

सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात प्रश्न नदीचाच होता. येरळेच्या पात्रातील वाळूचे लिलाव होत, ठेकेदारांच्या गाड्या भरून जात आणि ज्या वाळूत पाणी मुरायचे तीच नाहीशी झाल्याने काठच्या विहिरी आटत. पर्यावरणाचा ऱ्हास आणि विषमता ही दोन वेगळी प्रकरणे नाहीत, हे इथे उघड्या डोळ्यांना दिसत होते. ऐंशीच्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीने हे लिलाव अडवले. मर्यादित वाळू विकण्याचा हक्क गावकऱ्यांनी मिळवला आणि त्या पैशाला श्रमदानाची जोड देऊन बळीराजा धरण बांधले. तांदुळवाडी आणि बलवडी या गावांतील भूमिहीनांनाही त्या पाण्यात वाटा ठरवण्यात आला. पुढे नागनाथअण्णा नायकवडी, भारत पाटणकर यांच्या नेतृत्वाखाली आटपाडीच्या पाणी परिषदांतून समन्यायी वाटपाची मागणी कृष्णा खोऱ्यातील उपसा सिंचन योजनांपर्यंत पोहोचली.

शासनाने २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. टंचाईच्या काळात खोऱ्यातील धरणांमध्ये पाण्याचे समन्यायी वाटप करावे, ही त्यातील तरतूद जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडण्याच्या वादात कळीची ठरली. तरीही हे समन्यायीपण धरणाधरणांत आणि प्रदेशाप्रदेशांत मोजले जाते, घराघरांत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, त्याआधी तिथल्या पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती.

भूजलाचा कायदा त्याहून मवाळ ठरला आहे. १९९३ च्या कायद्याने सार्वजनिक पेयजलस्रोतापासून पाचशे मीटरच्या आत नवी विहीर घेण्यावर बंधन घातले. २००९ च्या कायद्याने साठ मीटरपेक्षा खोल विहिरींना लगाम घालू पाहिला. गावात मात्र बोअर दोनशे फुटांवर कोरडी लागली की यंत्रवाला चारशे सांगतो. ज्याच्याकडे पैसा आहे तो खाली जातो, आणि शेजारच्या उथळ विहिरीवर हंडा घेऊन येणाऱ्या बाईला तिचा तळ दिसू लागतो. बोअर ज्याच्या गटात आहे त्याने मोटर सुरू केली तर तिचा हंडा भरतो. त्या गटाच्या सातबाऱ्यावर तिचे नाव नसते.