टिपणीवरची सही आणि राजीनामा : शस्त्रमदतीला नकार देणाऱ्यांची पार्श्वभूमी

साताऱ्यातल्या पोवई नाक्याजवळच्या एका अभ्यासिकेत मी आठवड्यातून दोन दिवस चालू घडामोडी शिकवतो. मुलं माण, खटाव, पाटण, जावळीकडची. बहुतेकांच्या घरात कुणी ना कुणी फौजेत आहे किंवा होतं. दहिवडीकडची एक मुलगी आहे, वडील सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. सराव मुलाखत संपल्यावर तिनं मला थांबवून विचारलं, "सर, त्या जॉश पॉलनं अकरा वर्षांची नोकरी सोडली. गाझावरचे बॉम्ब काही थांबले नाहीत. मग मिळवलं काय?" शेजारचा पोरगा म्हणाला, "इथं जाहिरात निघायची वाट बघण्यात वय निघून चाललंय, आणि हा माणूस सोडून जातो!" मी तेव्हा घाईत काहीतरी सांगून निघालो. नीट सांगायला हवं होतं, ते इथे मांडतो.

जॉश पॉल अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यातल्या राजकीय-लष्करी विभागात होते. दुसऱ्या देशांना शस्त्रं देण्या-विकण्याचे प्रस्ताव या विभागातून पुढे सरकतात. संसद आणि वृत्तपत्रं यांच्याशी संबंध सांभाळणं हे त्यांचं काम. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासनं इस्रायलवर हल्ला केला, इस्रायलनं गाझावर बॉम्बवर्षाव सुरू केला आणि शस्त्रांचे प्रस्ताव घाईनं पुढे सरकवले जाऊ लागले. १८ ऑक्टोबरला पॉल यांचा राजीनामा जाहीर झाला. हमासच्या क्रौर्याचा त्यांनी त्या पत्रात कडक निषेध केला आहे, हे आपल्याकडच्या चर्चेत बऱ्याचदा गळून जातं. त्यांचा मुद्दा स्वतःच्या टेबलापुरता होता. हातून होणाऱ्या नुकसानापेक्षा हातून होणारं भलं जास्त आहे असं वाटेल तोवरच इथे राहायचं, असं त्यांनी रुजू होताना स्वतःशी ठरवलं होतं. आधीच्या वादग्रस्त प्रस्तावांवर निदान वाद तरी घालता यायचा. या वेळी वादाला जागाच ठेवली नव्हती, असं त्यांचं म्हणणं.

हे समजायला आपली कचेरी डोळ्यासमोर आणा. प्रस्ताव येतो, लिपिक टिपणी लिहितो, खाली 'मान्यतेस्तव सादर' अशी ओळ, मग एकामागून एक सह्या. टिपणीत एखाद्यानं "नियमात बसत नाही" असं लिहून ठेवलं, तर वरच्याला ते खोडायला कारण द्यावं लागतं. अमेरिकेतही शस्त्रांची वाट अशीच कागदावरून जाते. १९७६ च्या शस्त्रनिर्यात कायद्यानुसार ठरावीक रकमेवरची विक्री संसदेला आधी कळवावी लागते. ज्या लष्करी तुकडीनं मानवाधिकारांची घोर पायमल्ली केल्याची विश्वासार्ह माहिती आहे, तिला मदत देता येत नाही; हा सिनेटर लेही यांच्या नावानं ओळखला जाणारा नियम १९९७ पासूनचा. अमेरिकेची मानवतावादी मदत अडवणाऱ्या देशाला शस्त्रमदत द्यायची नाही, असंही एक कलम आहे. कायदा कच्चा नाही. पण तो लागू होतो की नाही, हे कुणीतरी टेबलावर बसून लिहायचं असतं, आणि सगळी मेख तिथे आहे.

आकडा केवढा? २०१६ च्या करारात अमेरिकेनं इस्रायलला १० वर्षांत ३८ अब्ज डॉलर लष्करी मदत कबूल केली. डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे १४ हजार रणगाडा-गोळ्यांची, १० कोटी ६५ लाख डॉलरची विक्री आणीबाणीचं कारण देऊन संसदेची तपासणी टाळून केली गेली. त्याच महिन्यात तसाच दुसरा व्यवहारही झाला.

आता कुणी म्हणेल, हे तिकडचं, आपला काय संबंध? आपला संबंध पॅटन रणगाड्याइतका जवळचा आहे. १९५४ मध्ये अमेरिकेनं पाकिस्तानशी लष्करी मदतीचा करार केला, तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी नेहरूंना पत्र लिहून आश्वासन दिलं होतं की ही शस्त्रं भारतावर आक्रमणासाठी वापरली गेली तर अमेरिका ती रोखायला पावलं उचलेल. सप्टेंबर १९६५ मध्ये त्याच मदतीतले अमेरिकन पॅटन रणगाडे पंजाबातल्या खेमकरणच्या उसाच्या शेतात शिरले. असल उत्तरला अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेनं ते कसे फोडले, हे आमच्या भागातले माजी सैनिक अजून हातवारे करून सांगतात. 'शस्त्र कशासाठी वापरायचं' ही अट कागदावर राहते आणि शस्त्र सीमा ओलांडतं, याचा अनुभव आपण फार जवळून घेतलाय.

परकी शस्त्रमदत म्हणजे पापच, असं मात्र मी म्हणणार नाही. १९६२ मध्ये चीननं मार दिल्यावर आपणही अमेरिकेकडून आणि ब्रिटनकडून शस्त्रं घेतली. त्याच दिवसांत देवराष्ट्र्याचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असं लोक म्हणू लागले. मदत कुणाला, कुणाविरुद्ध आणि कोणत्या अटीवर, हे प्रत्येक वेळी नव्यानं विचारावं लागतं.

यात १९७१ चा प्रसंग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण तिथे राजीनाम्याशिवायचा रस्ता दिसतो आणि त्याची किंमतही दिसते. २५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्करानं ढाक्यात कत्तल सुरू केली. ढाक्यातले अमेरिकन महावाणिज्यदूत आर्चर ब्लड रोज तारा पाठवत होते, वॉशिंग्टन गप्प. ६ एप्रिलला ढाक्यातल्या २० अमेरिकन अधिकाऱ्यांनी सह्या करून तार पाठवली. आपल्या सरकारची नैतिक दिवाळखोरी झाली आहे आणि इथे जे चाललंय त्याला वंशसंहार हाच शब्द आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलं. ब्लड यांनी खाली आपलं अनुमोदन जोडलं. परराष्ट्र खात्यात मतभेद लेखी नोंदवायची अधिकृत वाट त्याच वर्षी सुरू झाली होती. तिचा हा अगदी सुरुवातीचा वापर. अध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सुरक्षा सल्लागार किसिंजर यांनी ब्लड यांना ढाक्यातून हलवलं, पुढची बढतीची वाट जवळपास बंद झाली. त्यांनी नोकरी सोडली नाही.

त्याच ६ एप्रिलला दिल्लीतल्या पाकिस्तानी उच्चायोगातल्या दोन बंगाली अधिकाऱ्यांनी पाकिस्तानची चाकरी झुगारली. १८ एप्रिलला कलकत्त्यात होसेन अली यांनी पाकिस्तानच्या उप-उच्चायोगावर बांगलादेशाचा झेंडा चढवला. एका बाजूला आत राहून लिहिणारे, दुसऱ्या बाजूला दार लावून निघालेले. आणि शस्त्रं? पुरवठा थांबवलाय असं अमेरिका सांगत असताना जूनमध्ये बातमी फुटली की लष्करी सुटे भाग भरलेली पाकिस्तानी जहाजं अमेरिकेच्या बंदरांतून सुटतायत. जुलैत बाल्टिमोरच्या बंदरात 'पद्मा' जहाजासमोर काही माणसं होड्या आणि डोंगी घेऊन आडवी गेली. उरलेले परवाने रद्द व्हायला नोव्हेंबर उजाडला. ब्लडच्या तारेनं जहाज थांबलं नाही, हे खरंच. पण अमेरिकन सरकारला 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणायची सोय राहिली नाही, आणि आज त्या नरसंहाराबद्दल कुणी लिहायला बसलं की ती तार समोर ठेवावी लागते.

साताऱ्यात राजीनामा म्हटलं की पहिलं नाव क्षेत्र माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांचं निघतं. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला, शास्त्रीबुवांनी राघोबाला देहांत प्रायश्चित्त सांगितलं आणि न्यायाधीशपद सोडून ते वाईजवळ पांडववाडीला येऊन राहिले, ही गोष्ट इथल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. तिचा पुढचा भाग मात्र कुणी सांगत नाही. पुण्यातला आधार तुटल्यावर राघोबा मुंबईकर इंग्रजांकडे गेला आणि मार्च १७७५ मध्ये सुरतेचा तह केला. इंग्रजांनी सुमारे अडीच हजारांची फौज द्यायची, खर्च राघोबानं सोसायचा, बदल्यात साष्टी आणि वसई द्यायची. गंमत बघा, हा तह कंपनीच्याच कलकत्त्याच्या कौन्सिलनं अन्यायाचा आणि परवानगीशिवाय केलेला ठरवला! तरी पहिलं इंग्रज-मराठा युद्ध पेटायचं ते पेटलंच. शास्त्रीबुवा परदेशी फौजेवरून उठले नव्हते, पण ज्या माणसाच्या हुकमाखाली त्यांनी न्यायासनावर बसायला नकार दिला, त्यानंच पुढे ती फौज आणली. बारभाईंनी शास्त्रीबुवांना परत बोलावलं आणि ते परत आले. पद सोडून गेलेल्याला राज्य पुन्हा मानानं बोलावतं, हे दुर्मीळ.

याच मातीत दुसरा धागाही आहे. अपशिंग्याचे ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. १९१७ मध्ये हिंदुस्थान सरकारनं ब्रिटनला युद्धासाठी १० कोटी पौंडांची 'देणगी' दिली. दुसऱ्याच्या युद्धासाठी इथलं रक्त आणि इथला सारा, आणि रयतेला कुणी विचारलं नाही. १९३९ मध्येही न विचारता युद्धात ओढलं, तेव्हा प्रांतांतल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले, मुंबईच्या खेर मंत्रिमंडळानंही. येडे मच्छिंद्रच्या नाना पाटलांनी त्याआधीच, १९३० च्या कायदेभंगात, तलाठ्याची नोकरी सोडली होती. शेतसाऱ्याचं दप्तर ज्याच्या हाती, तोच उठला. पुढे प्रतिसरकार उभं राहिलं तेव्हा कचेरी आतून कशी चालते हे त्यांना माहीत होतं.

१९७० मध्ये कंबोडियावरच्या स्वारीवरून अँथनी लेक आणि रॉजर मॉरिस किसिंजर यांच्या हाताखालून बाहेर पडले. २००३ मध्ये इराकवरून काही अमेरिकन राजनैतिक अधिकारी आणि ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यातल्या कायदा सल्लागार एलिझाबेथ विल्म्सहर्स्ट यांनी नोकरी सोडली. पण ही स्वतःच्या देशानं केलेली युद्धं. शस्त्र दुसऱ्याच्या हाती देण्यावरून एका पाठोपाठ एक इतकी माणसं उठली, ती गाझाच्या वेळी. अरबी भाषेत अमेरिकन परराष्ट्र खात्याची बाजू मांडणाऱ्या हाला रारित यांनी १८ वर्षांच्या सेवेनंतर एप्रिल २०२४ मध्ये नोकरी सोडली. त्याच खात्यातल्या स्टेसी गिल्बर्ट यांचं कारण तर थेट टिपणीचं होतं. इस्रायल मदत अडवत नाही, असा निष्कर्ष संसदेला दिलेल्या मे २०२४ च्या अहवालात आला. विषयाच्या जाणकारांचं मत तसं नव्हतं, असं सांगून त्या २० वर्षांनी बाहेर पडल्या. वर सांगितलेलं ते मदत अडवण्याचं कलम आठवा, म्हणजे त्या एका वाक्याचं वजन कळेल.

ब्रिटनच्या परराष्ट्र खात्यातल्या मार्क स्मिथ यांनी शस्त्रपरवान्यांच्या कायदेशीर तपासणीचं काम पूर्वी केलेलं होतं. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी नोकरी सोडली. सप्टेंबरच्या २ तारखेला ब्रिटननं सुमारे ३५० पैकी ३० परवाने स्थगित केले. एकामुळे दुसरं झालं, असा दावा मी करणार नाही.

गेल्या मंगळवारी हे सगळं मी वर्गात सांगितलं. ती मुलगी वहीत लिहीत होती. शेवटी तिनं विचारलं, "आणि सर, आपल्याकडं असा राजीनामा दिला तर पेन्शन?" मी सांगितलं, महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ प्रमाणे राजीनामा दिला की आधीची सेवा गमावली जाते. स्वेच्छानिवृत्ती वेगळी, तिला २० वर्षं लागतात. १ नोव्हेंबर २००५ ला किंवा त्यानंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन मुळातच नव्हती. तिनं तिन्ही ओळी उतरवून घेतल्या आणि शेवटच्या दोन शब्दांखाली रेघ मारली. मग म्हणाली, "म्हणजे आधी टिपणीत लिहायचं. तेवढ्याला पेन्शन जात नाही ना?"

जात नाही, म्हटलं. बदली होऊ शकते.