परभाषक विद्यार्थ्यांचे शालेय शिक्षण (नागपूर)

घरची भाषा एक आणि शाळेत शिकवण्याची भाषा दुसरी, अशा मुलामुलींना शाळेची भाषा व त्या भाषेतून बाकीचे विषय एकाच वेळी शिकवण्याची पद्धत. अमेरिका, कॅनडा व ब्रिटनमध्ये हा विषय मुख्यतः इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या स्थलांतरित आणि निर्वासित मुलांच्या निमित्ताने वाढला. नागपुरात त्याचे रूप निराळे आहे. वीटभट्टीवरचे छत्तीसगढी मूल मराठी शाळेत बसते, गोंडी बोलणारे हिंदी किंवा मराठी शाळेत आणि मराठी घरातले मूल इंग्रजी शाळेत. घरची परिस्थिती, फी, गणवेश यांत तिघांमध्ये जमीनअस्मानाचे अंतर असले, तरी पहिल्या दिवशी बाई काय सांगतात ते तिघांनाही कळत नाही.

पार्श्वभूमी

नागपूर ही मध्य प्रांत व वऱ्हाडची राजधानी होती, त्यामुळे मराठी आणि हिंदी इथे पूर्वीपासून शेजारी नांदतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. हिंदी बोलणारी वस्ती मात्र होती तिथेच राहिली. महानगरपालिकेच्या शाळा मराठीबरोबरच हिंदी व उर्दू माध्यमाच्याही आहेत, त्याचे मूळ या वस्तीत आहे. १९५६ च्याच सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क आला. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करावी, असे तो राज्यांना सांगतो.

फाळणीनंतर सिंधी कुटुंबे नागपूरच्या जरीपटका भागात वसली. सिंधी अरबी वळणाच्या लिपीतही लिहितात आणि देवनागरीतही, त्यामुळे मुलांना कोणती लिपी शिकवायची हा प्रश्न माध्यमाच्या आधी उभा राहिला. सिंधीला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले १९६७ मध्ये. फाळणीच्या वेळी पहिलीत असलेले मूल तोवर सव्वीस वर्षांचे झाले होते. मधल्या काळात घरे हिंदीकडे आणि मग इंग्रजीकडे वळली. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांच्या वसाहती तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या गडचिरोली भागात झाल्या. तिबेटी निर्वासितांची नॉरग्येलिंग ही वसाहत गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ आहे. तिबेटी शाळांचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे: प्राथमिक वर्ग तिबेटीत, इंग्रजी भाषा म्हणून सोबत आणि पुढच्या वर्गांत माध्यम इंग्रजी. आधी घरची भाषा पक्की करायची आणि मग दुसरीवर जायचे, असा हा मार्ग. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली, तीही याच विचाराने.

कायदा

१९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही. शाळाप्रवेशाला त्याने अडसर येऊ नये, कारण बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्यात ६ ते १४ वयाचे ‘प्रत्येक बालक’ असा शब्द आहे, नागरिक असा नाही. कलम ४ प्रमाणे मुलाला वयानुरूप वर्गात बसवायचे आणि मागे पडलेल्या भागासाठी विशेष प्रशिक्षण द्यायचे. केंद्राच्या आदर्श नियमांत त्याची मुदत किमान ३ महिने, जास्तीत जास्त २ वर्षे. कलम ५ प्रमाणे आधीच्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही; कलम १४ प्रमाणे वयाच्या पुराव्यासाठीही नाही. कलम २९ ‘शक्य तितके’ मातृभाषेतून शिकवा म्हणते. व्यवहारात सगळे त्या ‘शक्य तितके’वर अडते.

दोन प्रकारची भाषा

कॅनडातील संशोधक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांत फरक केला. पहिली साधारण २ वर्षांत येते, दुसरीला ५ ते ७ वर्षे लागतात. नवख्या मुलांच्या बाबतीत शाळांची सर्वांत मोठी चूक इथेच होते. मैदानावर मूल सहा महिन्यांत ‘मले बॉल दे ना बे’ म्हणू लागले की ‘आता येते त्याला मराठी’ असा शेरा पडतो आणि जादा तास बंद होतो. चौथी-पाचवीत तेच मूल परिसर अभ्यासात अडकते, कारण ‘खालीलपैकी’, ‘अनुक्रमे’, ‘वगळता’, ‘प्रत्येकी’ हे शब्द मैदानावर कोणी वापरत नाही. तेव्हा मग ‘लक्ष नाही’ असे निदान होते.

कोणती भाषा कुठे मदत करते, कुठे अडते

हिंदी आणि छत्तीसगढी बोलणाऱ्या मुलांना लिपी फुकट मिळते. ज्याला हिंदीचा परिच्छेद वाचता येतो त्याला बाराखडी पुन्हा पहिल्यापासून गिरवायला लावणे हा वेळेचा अपव्यय आहे. त्याला नवे फार थोडे असते: ‘ळ’ (हिंदीच्या पुस्तकात जवळजवळ न भेटणारा), ‘च’, ‘ज’, ‘झ’ यांचे दोन उच्चार (‘चमचा’तला आणि ‘चिमणी’तला), आणि ‘ऱ्या’, ‘ऱ्ह’ ही जोडाक्षरे. उर्दू किंवा बंगाली लिपीतून आलेल्या मुलाला मात्र अक्षरओळखीपासूनच सुरुवात करावी लागते.

व्याकरणात अडचण तीन ठिकाणी येते. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून ‘पुस्तक मोठी आहे’ किंवा ‘मोठा आहे’ होते. सामान्यरूप माहीत नसते, म्हणून ‘शाळा मध्ये’. आणि ‘आम्ही’ व ‘आपण’ दोन्हीसाठी ‘हम’ असल्याने ‘आपण डबा खाऊ’ म्हटले तर आपल्यालाही बोलावले आहे, हे मुलाला कळत नाही. ते बाजूला उभे राहते आणि एकलकोंडे ठरते.

सारखे दिसणारे शब्द त्याहून फसवे. शिक्षिका म्हणतात, ‘पाटी खाली ठेव.’ हिंदी मूल बाहीने पाटी पुसून कोरी करते, कारण त्याच्या लेखी खाली म्हणजे रिकामी. आधी लिहिलेले सगळे गेले म्हणून त्याला बोलणी बसतात आणि आपले काय चुकले हे त्याला कळत नाही. ‘शिक्षा’ म्हणजे त्याच्याकडे शिक्षण, आपल्याकडे छडी. ‘चेष्टा’ म्हणजे तिकडे प्रयत्न, इकडे थट्टा. ‘राग’ तिकडे गाण्यातला. असे वीस-पंचवीस शब्द वर्गाच्या भिंतीवर चित्रासह लावून ठेवले तर अर्धे गैरसमज टळतात.

उलट, जवळीकही हाताशी असते आणि ती सहसा वापरली जात नाही. छत्तीसगढीत ‘मोला’, ‘तोला’. मराठीत ‘मला’, ‘तुला’. नागपुरी बोलीत ‘मले’, ‘तुले’. तीन रूपे फळ्यावर एकाखाली एक लिहिली की मूल हसते आणि पुढची जोडी स्वतःच सांगते. ‘काय करून राहिला?’ ही अस्सल नागपुरी रचना ‘क्या कर रहा है’ला इतकी लागून आहे की नवख्याला मराठीत आणणारा तो सर्वांत सोपा पूल ठरतो. प्रमाण मराठीच्या आग्रहापोटी शिक्षक हाच पूल आधी पाडतात. झाडीबोली किंवा वऱ्हाडी घरातल्या मुलालाही पुस्तकातली मराठी थोडी परकीच असते, हे विसरले जाते.

गोंडी द्राविड कुळातली. तिथे शब्द जुळत नाहीत: पाणी ‘येर’, घर ‘रोन’, अंक ‘उंदी, रंड, मूंद’. असे मूल हिंदी समजते असे गृहीत धरून त्याला हिंदीतून समजावणे म्हणजे एका परक्या भाषेतून दुसरी शिकवणे. शिक्षकाला गोंडीचे शंभरेक शब्द आले तरी वर्गाचा नूर बदलतो.

पहिली भेट

नोंदवहीत मातृभाषेच्या रकान्यात सरसकट ‘हिंदी’ पडते, इथपासून घोटाळा सुरू होतो. ‘तुझी मातृभाषा कोणती?’ या प्रश्नाला पालकही शाळेला आवडेल ते उत्तर देतात. त्याऐवजी आईशी काय बोलतोस, आजीशी काय, लहान भावाला रागावतोस ते कोणत्या भाषेत, असे विचारावे. मग आधी कोणत्या लिपीत वाचत होता, कितवीपर्यंत, मध्ये किती महिने शाळा सुटली, हे लिहावे. वीस मिनिटे पुरतात. त्याच बैठकीत शब्द नसलेली दहा गणिते द्यावीत आणि घरच्या लिपीतला चार ओळींचा मजकूर वाचायला द्यावा. गणिते सुटली तर मूल मागे नाही, फक्त भाषेत नवे आहे. अशा मुलाला खालच्या वर्गात बसवणे हा सोयीचा आणि चुकीचा उपाय आहे. वयाने मोठे मूल लहानांत बसले की दोन-तीन महिन्यांत यायचे बंद होते.

वर्गातले काम

सुरुवातीचे काही आठवडे, कधी काही महिनेही, मूल बोलत नाही. ऐकून साठवण्याचा हा काळ असतो. या काळात बोलण्याची सक्ती केली तर तो लांबतो. उत्तरे मात्र घेत राहावीत, चढत्या क्रमाने: आधी ‘दाखव’, मग हो-नाही, मग ‘हे की ते’, मग एक शब्द, शेवटी वाक्य. पहिल्या दोन आठवड्यांत रोजच्या गरजेची पंचवीस-तीस वाक्ये पुरेत: ‘मला कळले नाही’, ‘पुन्हा सांगा’, ‘लघवीला जाऊ का’, ‘माझा डबा नाही’. यातले लघवीचे वाक्य पहिल्याच दिवशी शिकवावे. ते न आल्याने ओले झालेले मूल दुसऱ्या दिवशी येत नाही.

भाषेचा विशेष तास रोज ३० ते ४० मिनिटांचा, सहा ते आठ मुलांचा असावा. तो खेळ, चित्रकला किंवा गणिताच्या तासात घेऊ नये. या तीन ठिकाणीच नवखे मूल बरोबरीने उभे राहू शकते. रोज सहा ते आठ नवे शब्द घ्यावेत, आदल्या दिवशीचे आधी विचारावेत. बाकी दिवसभर मूल मुख्य वर्गातच हवे. तिथे धडा सुरू होण्याआधी पाच-सहा कळीचे शब्द वस्तू दाखवून सांगावेत आणि एक वाक्याचा सांगाडा फळ्यावर ठेवावा. बाष्पीभवनाच्या धड्याला ओला रुमाल उन्हात टांगून ‘... मुळे ... झाले’ एवढा सांगाडा दिला की मूल ‘ऊन मुळे पाणी उडाले’ लिहिते. ‘उन्हामुळे’ असे शिक्षकाने नुसते मोठ्याने परत म्हणावे. लाल पेन इथे काढायचे नसते.

गणितात संख्यानामे हा वेगळा विषय आहे. हिंदीचे ‘उनचास’ आणि मराठीचे ‘एकोणपन्नास’ ऐकताना दूरचे वाटतात. ‘त्रेसष्ट’, ‘अठ्ठेचाळीस’ यांत दशक आणि एकक उलट येतात. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये ‘साठ तीन’ अशी वाचनपद्धत आली तेव्हा बराच गदारोळ झाला. नवख्या मुलांसाठी मात्र ती पायरी कामाची आहे. ‘४८ संत्री ६ टोपल्यांत सारखी भरली, तर प्रत्येक टोपलीत किती?’ यावर मूल बेरीज करत असेल तर चिंचोके पुढे ठेवून तेच करायला सांगावे. चिंचोके बरोबर वाटले गेले, तर अडचण ‘सारखी भरली’ या शब्दांत आहे, भागाकारात नाही.

सोबतीला एक मूल घरच्या भाषेचे आणि एक मराठी बोलणारे द्यावे व आठवड्याने बदलावे. कायमचा एकच सोबती दुभाषा होतो; त्याचाही अभ्यास बुडतो आणि नवख्याची बोलण्याची गरजच संपते. पालकसभेत मुलालाच दुभाषा करू नये. स्वतःची तक्रार कोणते मूल खरी सांगेल?

संकट पाहून आलेल्या मुलांना बसायला दार दिसेल अशी भिंतीकडेची जागा द्यावी, दिवसाचे वेळापत्रक चित्रांत लावावे आणि ते पाळावे. दिवाळीच्या सुमारास फटाक्यांची कल्पना आधी द्यावी. ‘माझे गाव’, ‘माझे कुटुंब’ हे निबंध पहिल्या सत्रात टाळावेत.

इंग्रजी माध्यम

मराठी घरांतून इंग्रजी शाळेत जाणारी मुलेच संख्येने जास्त असली तरी त्यांना परभाषक म्हणून कोणी मोजत नाही. ‘घरी इंग्रजी बोला’ हा शाळांचा नेहमीचा सल्ला हानिकारक आहे: आईवडील ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’ एवढ्यावर येतात आणि मुलाला कोणत्याच भाषेत लांब वाक्य ऐकायला मिळत नाही. गोष्ट मराठीतच सांगावी. कार्यकारण एकदा मराठीत कळले की इंग्रजीत फक्त शब्द शिकायचे उरतात. इथेही ओळखीचेच शब्द फसवतात. ‘टेबल’ म्हणजे जेवणाचे मेज माहीत असलेल्या मुलाला ‘टेबल म्हण’ म्हणजे पाढा म्हण, हे कळत नाही. ‘डिफरन्स’ विचारला की ते ‘एक मोठा, एक लहान’ सांगते, वजाबाकी करत नाही. गणित-विज्ञान इंग्रजीतून घेणाऱ्या सेमी इंग्रजी वर्गांत वहीला दोन रकाने करून एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी संज्ञा लिहिण्याची सवय पाचवीपासून लावली तर पुढची घोकंपट्टी बरीच कमी होते.

भट्टीवरची मुले

नागपूर परिसरातल्या वीटभट्ट्यांवर छत्तीसगड व मध्य प्रदेशातून येणारी कुटुंबे धानकापणीनंतर येतात आणि पावसाआधी परततात. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. म्हणजे शाळा सुरू होते तेव्हा ही मुले गावी आणि सहामाही झाल्यावर इथे. दोन्हीकडच्या हजेरीपटावर ती अर्धे वर्ष गैरहजर. नोव्हेंबर ते मे हे सहा-सात महिने मराठी पक्की व्हायला पुरत नाहीत. म्हणून त्या काळात हिंदीतले वाचन आणि गणित पुढे नेणे व मराठी फक्त बोलण्यापुरती घेणे हे जास्त उपयोगी, कारण जूनमध्ये मूल हिंदी पुस्तकाकडेच परतणार असते. तीन महिन्यांत मराठी लिहिता यावी असा हट्ट धरला की दोन्ही हुकतात.

राज्यात स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धत आहे. त्यावर नुसती इयत्ता लिहून भागत नाही. कोणत्या लिपीत किती वाचतो, हातच्याची वजाबाकी येते का, कोणत्या पाठापर्यंत झाले, घरची बोली कोणती, या चार ओळी हिंदीत लिहाव्यात, म्हणजे पलीकडच्या गुरुजींना वाचता येतील. कार्ड एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच पालकांच्या हाती द्यावे. भट्टीचा हिशेब झाला की कुटुंब रातोरात निघते आणि दाखला शाळेच्या कपाटात राहतो.