फोन आहे तोच पुरे, आधी आवाज सुधारा
(चादर, टॉवेल, युनिफॉर्म, चटणी, कडक भाकरी विकणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्या माईक-लाईटच्या दुकानात काउंटरवर आल्या आल्या बरेच जण विचारतात, "रील्ससाठी कुठला फोन घेऊ?" आमचं म्हणणं असतं, आत्ता घेऊच नका. गेल्या काही वर्षांतला कुठलाही ठीकठाक फोन १०८० बाय १९२० मापाचा उभा व्हिडिओ काढतो आणि रील्स किंवा शॉर्ट्सना तेवढा पुरतो. मागचा कॅमेरा वापरा, शूटआधी लेन्स मऊ कापडाने पुसा, झूम न करता स्वतः पुढे व्हा. पैसे घालायचेच असतील तर आधी माईकवर घाला.

आवाज

सोलापूरच्या पूर्व भागात कारखान्यात शूट करायचं म्हणजे मागे यंत्रमागाची खटखट असणारच. ती पूर्ण घालवू नका, माल इथेच विणला जातो हे तिच्यामुळेच पटतं. पण बोलणाऱ्याचा शब्द तिच्या वर आला पाहिजे. पाच फुटांवरचा फोन सगळंच सारखं उचलतो. वायरचा साधा कॉलर माईक हजार रुपयांच्या आत मिळतो. तो शर्टाच्या दुसऱ्या बटणाशी, तोंडापासून वीतभर अंतरावर लावा. माग अगदी शेजारीच असेल, तर मागाचं दृश्य वेगळं घ्या आणि बोलणं घरी शांत खोलीत रेकॉर्ड करून त्यावर चढवा.

रिकाम्या स्लॅबच्या खोलीत आवाज घुमतो. त्याला महागडा फोम लागत नाही. दोन-तीन जाड सोलापुरी चादरी बोलणाऱ्याच्या समोर आणि बाजूला, कॅमेऱ्यात येणार नाहीत अशा, दोरीवर टांगा. घुमणं बरंच कमी होतं. फोन फ्लाइट मोडवर टाका आणि आधी दहा सेकंद रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. कडक भाकरी विकणाऱ्यांनी तर माईक भाकरीजवळ नेऊन ती मोडतानाचा आवाज जरूर घ्यावा. त्या एका आवाजावर गिऱ्हाईक थांबतं.

उजेड आणि कापड

आपल्याकडे दुपारचं ऊन कॅमेऱ्याला फार कडक पडतं. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर काढा, नाहीतर दाराच्या आत सावलीत उभे राहा.

टॉवेलसाठी खास सांगणं आहे. रिंग लाईट आम्ही विकतो, पण टॉवेलवर वापरू नका. समोरून सपाट उजेड पडला की टेरीचे फासे (टॉवेलवर उभे असलेले धाग्याचे बारीक वेढे) दिसतच नाहीत. टॉवेल खिडकीशी असा धरा की उजेड एका बाजूने सरपटत येईल. मग प्रत्येक फाशाची बारीक सावली पडते आणि जाडी डोळ्यांना कळते. दुसरी बाजू फारच काळी वाटली तर तिकडे पांढरी कार्डशीट धरा.

युनिफॉर्मच्या बारीक चौकडीवर आणि रेघांवर स्क्रीनमध्ये लाटा पळताना दिसतात. कापडात दोष नसतो; वीण आणि कॅमेऱ्याचे ठिपके एकमेकांत अडकतात. फोन हातभर मागेपुढे करा किंवा थोडा तिरका धरा, लाटा जातात.

रंगाची गोष्ट थेट धंद्याची आहे. खिडकीचा उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र असले की फोन गोंधळतो आणि मरून चादर मधेच विटकरी दिसते. एकाच प्रकारचा उजेड ठेवा, स्क्रीनवर मालावर बोट दाबून धरून फोकस आणि उजेड लॉक करा, आणि फिल्टर लावू नका. व्हिडिओत एक रंग आणि पार्सलमध्ये दुसरा निघाला की माल परत येतो.

दुकानातल्या दिव्यांखाली व्हिडिओत काळे पट्टे सरकत असतील, तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर (एक चित्र टिपायचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंद करा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं.

बाकी थोडं

भाव आणि माप स्क्रीनच्या मधल्या भागात लिहा, कारण खाली आणि उजवीकडे ॲपची बटणं येतात. कित्येक जण आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून बोललेलं अक्षरांतही द्या. तोच व्हिडिओ कन्नड आणि तेलुगू आवाजात काढा. या भाषा बोलणारी गिऱ्हाइकं आपल्याच गल्लीत भेटतात. गाजलेली गाणी लावू नका, बिझनेस खात्यावर त्यांचा आवाज बंद होऊ शकतो. व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे चित्र फुटत नाही. आणि जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची गर्दी सुरू व्हायच्या आधीच चार-पाच व्हिडिओ तयार ठेवा, तेव्हा शूटला वेळ मिळत नाही.

सुरुवातीला कॉलर माईक, फोनचा स्टँड आणि एक कार्डशीट एवढंच घ्या. लाईट नंतर, संध्याकाळी काम करायची वेळ आली तर. माईक घ्यायला येताना फोन सोबत आणा: काहींना गोल पिन लागते, काहींना टाइप-सी. मालाचा एक नगही आणा, इथेच लावून, रेकॉर्ड करून, ऐकून मग घ्या.