ट्रेलरची बॅटरी: लिथियम घ्यावी की लेड-ॲसिडच ठेवावी?

अमेरिकेत नवा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचे फिरते घर, घेतला की पुढच्या त्रिकोणी सांगाड्यावर, प्रोपेनच्या टाक्यांशेजारी, काळ्या प्लॅस्टिकच्या खोक्यात बहुधा एक लेड-ॲसिड बॅटरी बसवलेली मिळते. माप 'ग्रुप २४', क्षमता ७५ ते ८५ अँपिअर-तास. हुकअप, म्हणजे बाहेरच्या विजेची जोडणी, असलेल्या कॅम्पग्राउंडवर जाड केबल खांबावरच्या पेटीत लावली की या बॅटरीला फारसे कामच उरत नाही, त्यामुळे दोन-दोन वर्षे तिचे झाकणही कुणी उघडत नाही. तिची खरी परीक्षा कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानासारख्या ठिकाणी होते. तिथल्या कॅम्पग्राउंडवर हुकअप नाहीत. ऑक्टोबरच्या थंडीत रात्रभर फर्नेस (ट्रेलर गरम ठेवणारी भट्टी) लागते आणि पहाटे तीन-चारच्या सुमारास ती बंद पडते. टाकीत गॅस भरपूर असतो, संपलेली असते ती वीज. फर्नेस जळते प्रोपेनवर, पण तिचा पंखा १२ व्होल्टवर फिरतो. बॅटरी उतरली की पंखा मंदावतो, हवेच्या झोताने दाबला जाणारा आतला 'सेल स्विच' दाबला जात नाही, आणि मग यंत्रणा गॅस पेटवूच देत नाही.

अशी एक रात्र काढली की लिथियमच्या जाहिराती वाचणे सुरू होते. लिथियम बॅटरी चांगली आहे, यात वाद नाही. पण खोक्यावर छापलेले अँपिअर-तास पाहून निर्णय घेऊ नये. आपण हुकअपशिवाय सलग किती रात्री राहतो, आणि त्या दिवसांत बॅटरी कशाने आणि किती वेळात भरणार आहोत, हे आधी पाहावे.

आधी खर्च मोजा

चौघांच्या कुटुंबाचा हुकअपशिवायचा एक दिवस धरू. फर्नेसचा पंखा ८ अँपिअर घेतो. थंडीच्या १० तासांपैकी तो साडेतीन तास प्रत्यक्ष फिरला तर २८ अँपिअर-तास. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला ५० च्या आसपास खातो, उन्हाळ्यात त्याहून जास्त. गॅस डिटेक्टर, रेडिओची मेमरी, कंट्रोल बोर्ड अशा कधीच बंद न होणाऱ्या गोष्टी मिळून अर्धा अँपिअर, म्हणजे दिवसाचे १२. एलईडी दिवे ४, पाण्याचा पंप ३, फोन ५. बेरीज १०२. फ्रिज प्रोपेनवर चालणारा असेल तर हा आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो, म्हणून आपला फ्रिज कोणता आहे ते सगळ्यात आधी पाहावे.

इन्व्हर्टर लावून स्वयंपाकघर चालवायचे असेल तर दोन वेगळ्या गोष्टी तपासायच्या. ७५० वॉटचा मिक्सर बॅटरीतून ७० अँपिअर ओढतो, पण चटणी दोन मिनिटांत होते, म्हणजे एकूण खर्च अडीच अँपिअर-तासही नाही. १,००० वॉटचा इलेक्ट्रिक कुकर ९५ अँपिअर ओढतो आणि प्रेशर धरेपर्यंतच्या १५ मिनिटांत २४ अँपिअर-तास संपवतो. खर्च दोन्ही बॅटऱ्यांना परवडेल, पण एकट्या लेड-ॲसिड बॅटरीचा व्होल्टेज ९५ अँपिअरखाली इतका दबतो की इन्व्हर्टर शिट्टी वाजवून बंद होतो. शिवाय लेड-ॲसिडवर छापलेली क्षमता २० तासांत सावकाश उतरवून मोजलेली असते. जोरात ओढली की तेवढी वीज तिच्यातून निघतच नाही. रोज विजेवर स्वयंपाक करायचा बेत असेल तर प्रश्न तिथेच सुटला, लिथियम घ्यावी.

शिसे, आम्ल आणि शेवटचे वीस टक्के

गास्ताँ प्लांते यांनी १८५९ मध्ये बनवलेल्या बॅटरीचे रसायन आजही तेच आहे. घरच्या इन्व्हर्टरमध्ये डिस्टिल्ड वॉटर घालणाऱ्यांच्या ते ओळखीचे आहे. एका पट्टीवर शिशाचा डायऑक्साइड, दुसरीवर सच्छिद्र शिसे, मध्ये सौम्य गंधकाम्ल. वीज काढली की दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते आणि आम्ल पातळ होते. भरलेल्या बॅटरीतल्या आम्लाची घनता १.२७ च्या आसपास आणि विश्रांतीतला व्होल्टेज १२.७ असतो. १२.२ दिसला की निम्मी उतरली. त्याखाली वारंवार नेऊ नये, कारण सल्फेटचे बारीक स्फटिक पडून राहिले की मोठे आणि घट्ट होतात आणि पुढे चार्जिंगने विरघळत नाहीत. गेलेली क्षमता मग परत येत नाही. म्हणून १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी हिशेबात ५० चीच धरायची.

याहून मोठी अडचण भरण्यात आहे. ८० टक्क्यांपर्यंत ती भराभर भरते. त्यानंतर पट्ट्यांच्या आतल्या छिद्रांतले सल्फेट विरघळायचे असते आणि तिथवर आम्ल पोहोचायला वेळ लागतो, म्हणून बॅटरी स्वतःच कमी कमी प्रवाह घेते. चार्जर कितीही मोठा आणला तरी शेवटचे २० टक्के चार तास किंवा त्याहून जास्त घेतात. योसेमिटीत जनरेटर चालवायची मुभा सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २ आणि संध्याकाळी ५ ते ७ एवढीच. ६ व्होल्टच्या दोन गोल्फ-कार्ट बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या की सुमारे २१० अँपिअर-तास होतात. त्या निम्म्या उतरल्या असतील तर ५५ अँपिअरच्या कन्व्हर्टरने (जनरेटरच्या किंवा हुकअपच्या विजेवर बॅटरी भरणारा ट्रेलरमधला चार्जर) दोन तासांत जेमतेम ८० टक्क्यांवर येतात. उरलेले भरायला दुपारचा आणि संध्याकाळचाही जनरेटर हवा, म्हणजे सुट्टीचा दिवस त्याच्या घरघरीत गेला. तसे कुणी करत नाही. बॅटऱ्या अर्धवट भरलेल्याच राहतात, दुसऱ्या रात्री त्या निम्म्याच्या खाली जातात, तिसऱ्या रात्री आणखी खाली. आठवडाभर असे झाले तर सल्फेट आपले काम करते.

लिथियमचा खरा फायदा इथेच आहे. ९५ टक्क्यांपर्यंत ती चार्जर देईल तेवढा प्रवाह जवळजवळ न कुरकुरता घेते. वरचे १०२ अँपिअर-तास सकाळच्या दोन तासांतच परत येतात. आणि ७० टक्क्यांवर महिनाभर राहिली तरी तिचे काही बिघडत नाही. छतावरचे सोलर पॅनल ढगाळ दिवशी थोडेच भरत असेल तरी चालते.

ट्रेलरसाठी मिळणारी लिथियम म्हणजे फोनमधली लिथियम नव्हे. हिच्यात लिथियम आयर्न फॉस्फेट असते. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात अक्षय पाढी, के. एस. नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी या पदार्थावरचा शोधनिबंध १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. याच गुडइनफना लिथियम-आयन बॅटरीवरील कामासाठी २०१९ चे नोबेल विभागून मिळाले. फॉस्फेटमधला ऑक्सिजन फॉस्फरसशी घट्ट बांधलेला असतो, तापल्यावर सहज सुटत नाही. त्यामुळे हे रसायन पेट घ्यायला पुष्कळ कमी प्रवृत्त असते. झोपायच्या जागेखाली बॅटरी ठेवायची असेल तर ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. पाणी घालायच्या लेड-ॲसिडमधून चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो आणि हवेत तो ४ टक्क्यांवर गेला की स्फोटक होतो, म्हणून तिची जागा बाहेर, झरोके असलेल्या खोक्यातच.

बॅटरी बदलली, बाकीचे?

आकार सारखा, टर्मिनल सारखे, तेव्हा जुनी काढून नवी ठेवली की झाले, असे विक्रेते सांगतात. ट्रेलर चालेलही. पण बऱ्याच तक्रारी इथूनच सुरू होतात.

पहिला कन्व्हर्टर. लिथियमला भरण्यासाठी १४.२ ते १४.६ व्होल्ट लागतात. जुने कन्व्हर्टर बहुतेक वेळ १३.६ वरच राहतात. त्याने बॅटरी खराब होत नाही, पण शेवटचा टप्पा फार सावकाश भरतो. शिवाय चारही सेल समान पातळीवर आणण्याचे काम बॅटरीच्या आतले बीएमएस (सेलांवर देखरेख करणारे) सर्किट वरच्या व्होल्टेजलाच करते, ते राहून जाते. काही महिन्यांनी एक सेल इतरांच्या पुढे जातो आणि बॅटरी वेळेआधीच 'भरली' किंवा 'संपली' म्हणू लागते. कन्व्हर्टरवर लिथियमचे बटण नसेल तर तो बदलण्याचा खर्च बॅटरीच्या किमतीतच धरावा. सोलर कंट्रोलरमध्ये इक्वलायझेशन (मधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेज देणे) आणि तापमान-भरपाई (तापमानानुसार व्होल्टेज बदलणे) दोन्ही बंद करावे. लेड-ॲसिडसाठी उपयोगी असलेला १५.५ व्होल्टचा इक्वलायझेशनचा टप्पा लिथियमला लागला की बीएमएस जोडणी तोडते.

दुसरे, भिंतीवरचे चार दिव्यांचे पॅनल निरुपयोगी होते. ते व्होल्टेज पाहते, आणि लिथियमचा व्होल्टेज ९० टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत १३ च्या आसपासच रेंगाळतो. पॅनल शेवटपर्यंत 'फुल' दाखवते आणि मग अचानक सगळे अंधारते. निगेटिव्ह केबलवर शंट (प्रवाह मोजण्याची पट्टी) बसवून आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजणे हाच खरा उपाय. शंटच्या बॅटरीकडच्या बाजूला फक्त बॅटरीची केबल असावी. एखादी निगेटिव्ह वायर चुकून त्या बाजूला राहिली तर तिचा खर्च मोजलाच जात नाही आणि आकडा दिवसेंदिवस फसवा होत जातो.

तिसरी, गाडीकडून येणारी वायर. सात पिनांच्या जोडणीतली चार्जिंगची वायर बारीक आणि लांब असते. गाडीच्या अल्टरनेटरनुसार लिथियमला तिच्यातून कधी जवळजवळ काहीच मिळत नाही, तर कधी ती इतका प्रवाह ओढते की फ्यूज उडतो. प्रवासात भरवशाने भरायची असेल तर योग्य जाडीच्या वायरवर २० ते ४० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर लावावा.

चौथी गोष्ट सुरक्षेची आहे आणि तीच सर्वांत जास्त विसरली जाते. ट्रेलर गाडीपासून सुटला तर ब्रेकअवे स्विचची पिन निघते आणि ट्रेलरची स्वतःची बॅटरी ब्रेक लावते. लिथियम आतल्या कपाटात हलवताना सांगाड्यावरची ब्रेकअवेची वायर तशीच लोंबत राहिली, किंवा ती मुख्य डिस्कनेक्ट स्विचच्या पलीकडे गेली आणि स्विच बंद असला, तर ब्रेक लागणार नाहीत. बॅटरी पूर्ण उतरून बीएमएसने जोडणी तोडली असेल तरीही नाहीत. ही वायर स्विचच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला जोडावी. निघण्यापूर्वी सात पिनांचा प्लग काढून ब्रेकअवेची पिन ओढावी आणि ट्रेलर हळूच पुढे ओढून चाके अडतात का ते पाहावे. पिन लगेच परत बसवावी, नाहीतर ब्रेकची चुंबके तापतात.

वजनाचाही परिणाम होतो. दोन गोल्फ-कार्ट बॅटऱ्या मिळून ५५ ते ६० किलो, १०० अँपिअर-तासांच्या दोन लिथियम सुमारे २४. एरवी वजन घटले की आनंदच, पण टंग वेट, म्हणजे गाडीच्या मागच्या जोडणीच्या, हिचच्या, बॉलवर येणारा भार, ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के असायला हवा. २,७०० किलोच्या ट्रेलरवर तो आधीच ११ टक्के असेल आणि सांगाड्यावरच्या बॅटऱ्या काढून नव्या धुरीच्या मागे ठेवल्या, तर तो १० टक्क्यांखाली जातो आणि हायवेवर ट्रेलर शेपटी हलवू लागतो. जागा धुरीच्या पुढे शोधावी आणि सामान भरून काट्यावर वजन करून घ्यावे.

थंडीचा नियम सोपा आणि कडक आहे: शून्य अंश सेल्सिअसखाली लिथियम चार्ज करायची नाही. गोठणाऱ्या तापमानात लिथियमचे आयन ग्राफाइटच्या आत शिरण्याऐवजी वरच धातूच्या रूपात बसतात आणि ती क्षमता कायमची जाते. वीज काढायला मात्र उणे २० पर्यंत हरकत नसते. चांगले बीएमएस थंडीत चार्जिंग स्वतःच थांबवते, तेवढे असल्याची खात्री करूनच बॅटरी घ्यावी. बाहेर सांगाड्यावर ठेवायची आणि हिवाळ्यातही फिरायचे असेल तर आत हीटर असलेली घ्यावी. ती ट्रेलरच्या आत, उबेत ठेवता आली तर हीटरची गरजच पडत नाही.

राहिला पैशाचा भाग. दोन गोल्फ-कार्ट बॅटऱ्या साधारण २५० ते ४०० डॉलरना पडतात. एक १०० अँपिअर-तासांची लिथियम आता त्याच किमतीत मिळते, काही वर्षांपूर्वी ती हजाराच्या घरात होती. कन्व्हर्टर, शंट, बॅटरीजवळचा फ्यूज आणि हवा असल्यास डीसी-डीसी चार्जर मिळून आणखी काहीशे डॉलर लागतात. जाहिरातीतल्या ४,००० फेऱ्यांना (एक फेरी म्हणजे एकदा उतरवून पुन्हा भरणे) भुलू नये. वर्षाला २० रात्री हुकअपशिवाय राहणाऱ्या कुटुंबाच्या दहा वर्षांत २०० फेऱ्या होतात, तेवढ्या नीट सांभाळलेल्या गोल्फ-कार्ट बॅटऱ्याही निभावतात. नेहमी हुकअपवरच उतरणाऱ्यांनी तर लेड-ॲसिडच ठेवावी, दोन महिन्यांनी पाणी पाहावे आणि पैसे चांगल्या टायरवर खर्च करावेत. सलग दोन-तीन रात्री हुकअपशिवाय काढणाऱ्यांना, कॉम्प्रेसर फ्रिज असणाऱ्यांना आणि सोलरवर अवलंबून राहणाऱ्यांना मात्र लिथियमच घ्या असे निःशंकपणे सांगता येते.

हिवाळ्यात ट्रेलर उभा करताना दोघींची निगा उलटी आहे. लेड-ॲसिड पूर्ण भरून ठेवावी आणि चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा भरावी. भरलेली उणे ५० लाही गोठत नाही, उतरलेली मात्र उणे ७ ते १० च्या आसपास गोठून फुटते. लिथियम ५०-६० टक्क्यांवर ठेवावी आणि केबल काढूनच टाकावी, कारण गॅस डिटेक्टर वगैरेंचा तो कायमचा अर्धा अँपिअर आठवड्याभरात सगळी वीज पितो. बीएमएसने जोडणी तोडली की टर्मिनलवर जवळजवळ शून्य व्होल्ट दिसतात, आणि बरेच चार्जर शून्य पाहून सुरूच होत नाहीत. अशी बॅटरी मेली समजून परत पाठवू नये. लिथियम जागी करण्याची सोय असलेला चार्जर लावावा, किंवा दुसरी भरलेली १२ व्होल्टची बॅटरी काही क्षण समांतर जोडून चार्जर चालू करावा. जोडताना पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह आहे ना, हे दोनदा पाहावे.