कोरोना होऊन गेला की लस घेतली: नव्या व्हेरिएंटपुढे कोण किती टिकतं?

"मला होऊन गेलाय, आता लस कशाला?" २०२१च्या दुसऱ्या लाटेनंतर हे वाक्य घरोघरी ऐकू यायचं. माझी आत्याही एप्रिलच्या आजारपणातून उठल्यावर हेच म्हणायची. तिचा अँटिबॉडी रिपोर्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात जपून ठेवलेला. त्यावर '२५० पेक्षा जास्त' असा आकडा. तीन महिने उलटल्यावर आम्ही मागे लागून तिला कोविशील्डचे दोन्ही डोस दिले. तरी जानेवारी २०२२मध्ये ती पुन्हा पॉझिटिव्ह आली. ताप तीन दिवसांत उतरला, पण ती चिडली. "आजारही झाला, लसही झाली, मग उपयोग काय?"

प्रश्न रास्त होता. रिपोर्ट खोटा नव्हता आणि लसही वाया गेली नव्हती. समोरचा विषाणू बदलला होता.

पुण्याच्या सीरमने बनवलेल्या कोविशील्डमध्ये विषाणूच्या फक्त स्पाइक प्रोटीनची, म्हणजे बाहेरच्या काट्यांची, कृती असते. शरीर तेवढाच काटा ओळखायला शिकतं. भारत बायोटेकने पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणूशास्त्र संस्थेबरोबर (एनआयव्ही) तयार केलेल्या कोव्हॅक्सिनमध्ये अख्खा पण मारलेला विषाणू असतो. प्रत्यक्ष आजारात तर जिवंत विषाणू नाकाघशात वाढतो. त्यामुळे शरीराला काट्याबरोबर त्याच्या आतली प्रथिनंही कळतात आणि नाकाच्या अस्तरातही अँटिबॉडी तयार होतात. दंडावर टोचलेल्या लसीने अँटिबॉडी रक्तात भरपूर होतात, नाकात कमी. म्हणजे ओळख आजारातून जास्त व्यापक होते, हे मान्य करायलाच हवं. मात्र ती प्रत्येकात सारखी होत नाही. कोणाला किती विषाणू लागला, आजार किती झाला, त्यावर ते ठरतं. लसीचा डोस मोजून दिलेला असतो.

नोव्हेंबर २०२१मध्ये आलेल्या ओमिक्रॉन या नव्या व्हेरिएंटच्या काट्यावर तिसाहून जास्त बदल होते. अँटिबॉडी आकार ओळखून चिकटते. आकार बदलला की तिची पकड सुटते, मग ती लसीतून आलेली असो की डेल्टाच्या, म्हणजे दुसऱ्या लाटेतल्या व्हेरिएंटच्या, आजारातून. टी पेशी, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या संरक्षक पेशी, यांचं तसं नाही. त्या विषाणूचे बारीक तुकडे ओळखतात, आणि त्यातले बरेचसे तुकडे ओमिक्रॉनमध्येही तसेच राहिले होते. टी पेशी संसर्ग दारात अडवत नाहीत, पण संसर्ग झालेल्या पेशी मारून आजार वाढू देत नाहीत.

२०२३मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९ देशांतल्या ६५ अभ्यासांचा एकत्र आढावा आला. आधी होऊन गेलेल्या आजारामुळे ४० आठवड्यांनी पुन्हा संसर्गापासून मिळणारं संरक्षण डेल्टापर्यंतच्या व्हेरिएंटांसाठी सुमारे ७९ टक्के होतं. ओमिक्रॉनच्या बीए.१ या सुरुवातीच्या उपप्रकारासाठी ते ३६ टक्क्यांवर आलं. गंभीर आजारापासूनचं संरक्षण मात्र बीए.१साठीही ८९ टक्क्यांच्या आसपास टिकून होतं. लसीचंही असंच झालं: संसर्ग रोखण्याची ताकद काही महिन्यांत ओसरली, गंभीर आजारापासूनचं रक्षण जास्त काळ राहिलं. त्याच आढाव्याने आजारातून मिळालेलं संरक्षण एमआरएनए लसीच्या (फायझर, मॉडर्नासारख्या) दोन डोसांच्या तोडीचं किंवा त्याहून सरस मानलं.

हा निष्कर्ष अनेकांनी "मग आजारच बरा" असा वाचला, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. पुन्हा संसर्ग होतो का, हे पहिल्या आजारातून वाचलेल्यांमध्येच मोजता येतं. आत्याच्या शेजारचे काका त्याच एप्रिलमध्ये ऑक्सिजनच्या बेडसाठी दोन दिवस वणवण करून शेवटी वारले. असे लोक या टक्क्यांत कुठेच नाहीत. लसीचेही दुष्परिणाम असतात, क्वचित गंभीरही. पण वयस्कर आणि मधुमेही माणसांना पहिल्या आजाराचा धोका त्याच्या कितीतरी पट होता.

आजार आणि लस दोन्ही झालेल्यांचं संरक्षण सर्वात चांगलं टिकलं, असंही पुढे दिसलं. आत्या त्यातलीच. मी तिला एवढंच सांगितलं की एप्रिलमध्ये आजाराने तुला सतरा दिवस झोपवलं होतं, जानेवारीत चौथ्या दिवशी तू स्वयंपाकघरात होतीस. यात ओमिक्रॉनचा सौम्यपणा किती आणि तुझ्या तयारीचा वाटा किती, हे एका माणसावरून सांगता येत नाही. तिने तो जुना रिपोर्ट मात्र कपाटातून काढला आणि लसीच्या सर्टिफिकेटला टाचणीने जोडून ठेवला.