इंडेक्स कोणाचा?

वडील परळच्या गिरणीत होते. महिना भरत आला की चाळीच्या गॅलरीत एकच चर्चा: "इंडेक्स किती आला?" इंडेक्स म्हणजे निर्देशांक, घरखर्चाच्या वस्तू किती महागल्या ते सांगणारा आकडा. त्यावर महागाई भत्ता ठरायचा आणि भत्त्यावर वाण्याची उधारी. मुंबईच्या कामगारांसाठी असा आकडा 1921 सालीच निघू लागला होता. जुलै 1914 चे भाव 100 धरून.

ठरलेल्या दुकानांत जाऊन तोच माल, तीच प्रत, तेच माप यांचा भाव पुन्हा पुन्हा टिपायचा, ही झाली अर्धी मोजणी. पण कांदा दुप्पट झाला काय आणि काडेपेटी दुप्पट झाली काय, घराला चटका सारखा बसत नाही. म्हणून प्रत्येक वस्तूला भार देतात. घरखर्चाच्या 100 रुपयांतले किती तिच्यावर जातात, तो तिचा भार. खरी मेख इथेच आहे, कारण हे 100 रुपये प्रत्येकाचे वेगळे जातात.

औद्योगिक कामगारांच्या 2016 पायाच्या, म्हणजे 2016 चे भाव 100 धरलेल्या, निर्देशांकात खाण्यापिण्याचा भार 39.17 आहे. शेतमजुरांच्या 1986-87 पायाच्या जुन्या निर्देशांकात अन्नाचा भार 69.15 होता. समजा अन्न 10 टक्के महागलं आणि बाकी सगळं 2 टक्के. पहिल्या भारांनी महागाई 5.1 टक्के येते, दुसऱ्या भारांनी 7.5. भाव तेच, आकडे दोन!

एका शहरातही हेच. पागडीच्या खोलीत राहणारा नाममात्र भाडं भरतो, समोरच्या टॉवरमधला भाडेकरू दर अकरा महिन्यांनी नव्या कराराला धास्तावतो. शहरी निर्देशांकाच्या 2012 च्या मालिकेत घराचा भार 21.67 होता, तो या दोघांपैकी कोणाचाच नव्हे. शिवाय भार काढताना सगळ्यांचा खर्च एकत्र मिळवतात, त्यामुळे ज्याचा खर्च मोठा त्याच्या टोपलीची, म्हणजे तो घेतो त्या वस्तूंची, छाप जास्त पडते. तेलाची छोटी पुडी रोज आणणाऱ्या बाईला लिटरमागे जास्त मोजावे लागतात, तेही सरासरीत विरघळतं. मला हे फार खुपतं.

अमेरिकेत 62 वर्षं आणि त्यावरच्यांसाठी प्रायोगिक निर्देशांक काढतात. त्यात औषधोपचाराचा भार अधिक असतो. आपल्याकडे म्हाताऱ्यांची अशी वेगळी टोपली नाही. माझ्या आईची टोपली म्हणजे बीपीच्या गोळ्या, इन्सुलिन आणि अर्धा लिटर दूध. वडिलांमागे तिला जे पेन्शन मिळतं, ते तर कुठल्याच इंडेक्सला जोडलेलं नाही.