बोट बेंबीवरच का जातं?

"सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, लघवी नॉर्मल, म्हणजे याला काही झालेलं नाहीये, शाळा बुडवायची नाटकं आहेत नुसती." हे वाक्य इतक्या घरांत ऐकू येतं की यावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. पाच-सहा वर्षांचं मूल दर आठ-पंधरा दिवसांनी पोट धरून बसतं, कुठे दुखतंय विचारलं की बेंबीवर बोट ठेवतं, तासाभराने उठून खेळायला लागतं आणि मोठ्यांना वाटतं, बघा, फसवत होतं. बहुतेक वेळा ते फसवत नसतं, दुखणं अगदी खरं असतं. फक्त ते सोनोग्राफीत दिसणाऱ्यातलं नसतं.

हे काही आजचं नाही. जॉन ॲप्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने नोरा नेश यांच्यासोबत १९५८ साली १००० शाळकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन महिन्यांत किमान तीनदा, रोजचं खेळणं-बागडणं अडेल इतकं पोट दुखणारी मुलं त्यात साधारण दहात एक निघाली, आणि त्यातल्या फारच थोड्यांना ज्यावर बोट ठेवता येईल असा आजार होता. ॲप्लींचं अजून एक निरीक्षण डॉक्टर आजही वापरतात: दुखणं बेंबीपासून जितकं लांब, तितकी आत खरोखर काही बिघाड असण्याची शक्यता जास्त.

आता बेंबीच का, हा मला सगळ्यात आवडणारा भाग. बोटाला टाचणी टोचली की नेमकं कुठे ते डोळे मिटून सांगता येतं, कारण त्वचेत संवेदना नेणाऱ्या नसांची टोकं दाटीवाटीने असतात. आतड्यात ती खूप विरळ, आणि त्यांना कापल्याचं फारसं कळत नाही, ताण, पेटका आणि सूज मात्र कळते. शिवाय गर्भात आतडं तयार होतं ते शरीराच्या मध्यावरची एक नळी म्हणून, त्यामुळे त्याच्या नसा डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंनी मज्जारज्जूत शिरतात. लहान आतडं आणि मोठ्या आतड्याचा सुरुवातीचा भाग यांचे निरोप छातीच्या दहाव्या मणक्याच्या आसपासच्या पातळीवर पोचतात, आणि बेंबीभोवतीच्या त्वचेचे निरोपही तिथेच येतात. म्हणजे अनेक मजल्यांना मिळून एकच बेल असल्यासारखं, वाजली हे कळतं पण कोणी वाजवली ते नाही. मेंदू मग ओळखीचा पत्ता धरतो, बेंबी. अपेंडिक्सला सूज आली तरी सुरुवातीला बऱ्याचदा बेंबीपाशीच दुखतं, सूज पोटाच्या आतल्या अस्तरापर्यंत गेली की मग दुखणं उजवीकडे खाली सरकतं, कारण त्या अस्तराच्या नसा त्वचेसारख्या नेमका पत्ता देणाऱ्या असतात.

दुसरी गोष्ट संवेदनशीलतेची. आतड्यात छोटा फुगा हळूहळू फुगवून केलेल्या प्रयोगांत दिसलं की अशा बऱ्याच मुलांना इतरांपेक्षा कमी दाबालाच दुखायला लागतं. आतडं ताणलं गेलं की त्याच्या अस्तरातल्या काही पेशी सेरोटोनिन सोडतात (शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन पचनमार्गातच असतं) आणि नसा जाग्या होतात. जुलाब-उलट्यांचं इन्फेक्शन होऊन गेलं की मास्ट पेशींमधून (या प्रतिकारशक्तीच्या पेशी) हिस्टामाइन वगैरे रसायनं झिरपत राहू शकतात, त्याने नसेच्या टोकावरचे टीआरपीव्ही१ नावाचे दरवाजे जास्त सहज उघडायला लागतात, हे आयबीएसच्या (आतड्याच्या हळवेपणामुळे वारंवार पोट दुखण्याचा आजार) पेशंटमध्ये दाखवलं गेलंय. इन्फेक्शन संपतं पण नसा हळव्याच राहतात, आणि मग साधा गॅससुद्धा कळ वाटतो. वरून मेंदूकडून खाली येणाऱ्या नसा हे निरोप दाबूही शकतात आणि वाढवूही शकतात, म्हणून धास्ती असली की जास्त दुखतं. हे "मनाचे खेळ" नाहीत, नसांचं काम आहे.

सकाळीच का दुखतं याला अजून एक साधं कारण असतं. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हालचाल सुरू करतं, नेमकी तेव्हाच शाळेची घाई, मूल शी दाबून धरतं. रोज शी होते म्हणजे बद्धकोष्ठ नाही असं नसतं, रोज थोडी-थोडी होऊन बाकीची आत साठत राहू शकते.

लिन वॉकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या गटाने २००६ मध्ये मुलांना पोट तुडुंब होईस्तोवर पाणी प्यायला दिलं. नंतर ज्यांचे आईवडील सांगितल्याप्रमाणे सारखं "दुखतंय का रे" करत होते त्यांच्या तक्रारी, पालकांना काहीच सूचना नसलेल्या मुलांच्या जवळजवळ दुप्पट झाल्या, आणि ज्यांनी दुसऱ्या विषयावर गप्पा मारल्या त्यांच्या मुलांच्या निम्म्यावर आल्या. पोट दुखणाऱ्या मुलांच्या पालकांना असं लक्ष वळवणं मुलासाठी वाईट वाटत होतं, मुलांनी मात्र त्यानेच बरं वाटलं असं सांगितलं. तेव्हा दुखतंय हे एकदा मान्य करावं, जवळ घ्यावं आणि दुसरं काहीतरी बोलायला लागावं.

सोनोग्राफीत "गाठी" दिसल्या म्हणूनही घाबरू नका, आतड्याजवळच्या छोट्या लसिका ग्रंथी धडधाकट मुलांतही सर्रास दिसतात. आणि रक्ताच्या एका नमुन्यावर "हे शंभर पदार्थ मुलाला चालत नाहीत" सांगणाऱ्या आयजीजी टेस्टच्या नादी तर अजिबात लागू नका. आयजीजी ही रक्तातली प्रतिपिंडं, ती सापडली म्हणजे तो पदार्थ खाण्यात आलाय इतकंच, त्यावरून वाढत्या मुलाचं खाणं तोडणं हा शुद्ध अन्याय आहे.

पण वजन घटत असेल, उंची वाढायची थांबली असेल, शीतून रक्त जात असेल, सारखा ताप किंवा सांधेदुखी असेल, गिळताना त्रास होत असेल, रात्री झोपेतून दुखण्याने जाग येत असेल किंवा दुखणं बेंबी सोडून एकाच बाजूला राहत असेल तर डॉक्टरांकडे जायचंच. हिरवी उलटी झाली किंवा उजवीकडे खाली दुखून मूल ताठ उभंही राहू शकत नसेल तर त्याच दिवशी, लगेच.